बासेल, शुशा आणि धारवाड
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मुसलमान समाजातील ख्रिस्ती मिशनकार्य हा माझा विषय फलकावर लागला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला वाटेत अडवून विचारले, ''शताब्दीच्या मंगल प्रसंगी हा काटेरी विषय कशाला?'' प्रश्न रास्त होता. मी एवढेच म्हणालो की, ही हकीकत बव्हंशी पुस्तकांची आहे. पुस्तके लिहिली गेली, भाषांतरे झाली, त्यांना उत्तरे निघाली, उत्तरांना प्रत्युत्तरे निघाली. ग्रंथालयात तिचा उच्चार करायचा नाही, तर करायचा कोठे? शिवाय या हकीकतीचा एक धागा आपल्या धारवाडच्या रस्त्यावरून गेलेला आहे आणि तो आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचाच आहे.

बासेल मिशन हे नाव आपल्याकडे कोणाला नवे नाही. त्या मिशनच्या शाळेत शिकलेली माणसे या सभागृहातही असतील; गिरीश कार्नाड तेथेच शिकले. किट्टेलसाहेबांचा 1894 चा कन्नड-इंग्रजी कोश तर कन्नड अभ्यासकांना आजही हाताशी लागतो. परंतु स्वित्झर्लंडमधील बासेल नगरात 1815 साली स्थापन झालेली ही संस्था आपल्याकडे आली कशी, हे सहसा सांगितले जात नाही. तिची पहिली दृष्टी हिंदुस्थानाकडे नव्हतीच. तिचे तरुण प्रथम गेले ते कॉकेशस पर्वताच्या प्रदेशात, काराबाखमधील शुशा या गावी. भोवताली फारसी-तुर्की बोलणारा मुसलमान समाज होता. त्याच्यात सुवार्ता सांगावी, हा हेतू होता. 1835 साली रशियाच्या झारने हे काम बंद पाडले. इकडे 1833 च्या सनदेने कंपनी सरकारच्या मुलखात परदेशी मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली होती. 1834 मध्ये बासेलचे तिघे मंगळुरास उतरले, 1837 मध्ये धारवाडला ठाणे झाले, 1839 मध्ये हुबळीला आणि 1841 मध्ये गदगजवळच्या बेटगेरीला. एक दार लागले आणि दुसरे उघडले, तेही अवघ्या एक-दोन वर्षांच्या अंतराने.

शुशा येथे काम केलेल्यांत कार्ल गॉटलीब फांडर नावाचा एक जर्मन तरुण होता. त्याने 1829 मध्ये 'मिझान-उल-हक्क' हा ग्रंथ लिहिला. मिझान म्हणजे तराजू. सत्य तागडीत घालून तोलता येते, अशी त्या काळच्या वादपटूंची श्रद्धाच होती. ग्रंथ मूळ जर्मन. पुढे तो फारसीत आणि उर्दूत आला. शुशा सुटल्यावर फांडर हिंदुस्थानात आला, चर्च मिशनरी सोसायटीत गेला आणि 1841 पासून आग्र्यास राहिला. म्हणजे एकाच गुरुकुलातून निघालेल्यांपैकी काहीजण धारवाडात कन्नड बाराखडी गिरवीत होते, तर एकजण आग्र्यात उलेमांशी पत्रव्यवहार करीत होता.

त्याची परिणती 10 व 11 एप्रिल 1854 रोजी झालेल्या जाहीर वादात झाली. समोर होते मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्या साहाय्यास डॉक्टर वझीर खान. विषय पाच ठरले होते. दोन दिवसांत दोनच झाले. पूर्वीचे धर्मग्रंथ पुढच्या ग्रंथाने रद्द होतात काय, आणि बायबलच्या पाठात फेरफार झाले आहेत काय. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. वझीर खान पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले, इंग्रजी जाणणारे. युरोपातील विद्वानांनी बायबलच्या पाठभेदांची जी चिकित्सा चालविली होती, तिची पुस्तके त्यांनी मिळवून वाचली होती आणि तीच त्यांनी फांडरसमोर मांडली. आपल्याच खंडात अलीकडे काय छापले जात आहे, याची पुरती दखल फांडरने घेतलेली नव्हती. काही ठिकाणी पाठ बदललेला आहे, हे त्याला भर सभेत कबूल करावे लागले. सभा उठली ती मौलानांचा जय झाला, असे म्हणतच. ज्याची पुस्तके ताजी, त्याची बाजू भक्कम. ग्रंथपालांनी हे ध्यानात घ्यावे, एवढाच माझा अभिप्राय.

1857 नंतर कैरानवींना देश सोडावा लागला. पुढे इस्तंबूलमध्ये त्यांनी 'इझहार-उल-हक्क' हा ग्रंथ सिद्ध केला आणि मक्केत कलकत्त्याच्या सौलतुन्निसा नावाच्या दानशूर स्त्रीच्या साहाय्याने मदरसा उभारला, तो 'सौलतिया'. फांडर 1865 मध्ये इंग्लंडात वारला. पण वादाचा निकाल तेवढ्यावर संपत नाही. त्या सभेत मुसलमान पक्षाच्या बाजूने बसलेले दोन विद्वान, सफदर अली आणि इमादुद्दीन, दहा-बारा वर्षांनी ख्रिस्ती झाले; एक जबलपुरात, दुसरा अमृतसरात. ज्या दिवशी आपला पक्ष जिंकला, त्या दिवशी त्यांच्या मनात काय चालले होते, हे तागडीत कसे घालणार?

त्याच 1854 साली आपल्या शेजारच्या बेळगावात बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. 'यमुनापर्यटन'कार म्हणून मराठीचा विद्यार्थी त्यांना ओळखतो. त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आपल्या वाङ्मयातील मोलाचे पुस्तक आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मोठा भाग हा हिंदू घरांतून आलेल्यांचा आहे. मुसलमान घरातून आलेल्यांचा असा ओघ मराठीत नाही. त्याचे एक कारण भाषिक आहे, असे मला वाटते. ख्रिस्ती मराठीने 'देव', 'प्रार्थना', 'तारण', 'मंडळी' हे शब्द उचलले. ('मंडळी' हा फार गोड शब्द, वास्तू नव्हे, जमलेली माणसे. नवे चर्च स्थापन करणे म्हणजे मराठीत मंडळी जमवणे.) उत्तरेत उर्दू ख्रिस्ती वाङ्मय स्वतंत्र वाढले, पण तेथेही गंमत अशी की, कुराणात ज्याला 'ईसा' म्हटले आहे, त्याला उर्दू बायबलात 'यसू' म्हणतात. नावापाशीच वाट फुटते. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि सरकारी कागदात मराठी अशी स्थिती असलेल्या आमच्या भागातल्या मुसलमान श्रोत्याशी कोणत्या शब्दांत बोलावे? बासेलकरांनी कन्नडची कास धरली. तिचे सोने केले, हे मान्यच. पण त्या निवडीबरोबर श्रोताही निवडला गेला. त्यांचा भर कन्नड बोलणाऱ्या हिंदू समाजांवरच राहिला.

याआधीचा एक माणूस मात्र मला अधिक जवळचा वाटतो. हेन्री मार्टिन. केंब्रिजमध्ये गणितात पहिला आलेला हा तरुण 1806 मध्ये हिंदुस्थानात आला, दानापूर-कानपुरात कंपनीचा पाद्री झाला आणि नव्या कराराचे उर्दू भाषांतर करू लागला. 1811 च्या आरंभी तो कलकत्त्याहून जलमार्गे मुंबईस निघाला, तेव्हा त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेन्सीवर निघालेले एल्फिन्स्टनसाहेब होते. वाटेत गोव्यास उतरून दोघांनी सेंट झेवियरची समाधी पाहिली. पुढे पेशवाई बुडविण्यात ज्याचा हात होता, तो मुत्सद्दी आणि क्षयाने पोखरलेला हा भाषांतरकार त्या समाधीपाशी उभे आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. मार्टिन पुढे शिराझला गेला, मिर्झा सय्यद अली या विद्वानाच्या साहाय्याने वर्षभरात नव्या कराराचे फारसी भाषांतर पुरे केले आणि 1812 च्या ऑक्टोबरात परतीच्या वाटेवर तोकात येथे वारला. वय वर्षे 31. मुसलमानांतून त्याच्या प्रभावाने ख्रिस्ती झालेला म्हणून एकच नाव ठळकपणे सांगितले जाते, ते शेख सालेह ऊर्फ अब्दुल मसीह यांचे. त्यांनी मार्टिनला कानपुरात भिकाऱ्यांपुढे बोलताना ऐकले होते. 1811 मध्ये कलकत्त्यास त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आग्र्यात ते उपदेशही करीत आणि रोग्यांना औषधही देत. 1825 मध्ये बिशप हेबरने त्यांना दीक्षा दिली. तराजूपेक्षा या औषधाच्या पुडीकडे लोक अधिक आले असावेत, असा माझा तर्क आहे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. औषध देणाऱ्याने उपदेश करावा काय? सेवा ही गळाला लावलेले आमिष आहे, हा आक्षेप जुना आहे. 1956 च्या नियोगी समितीच्या अहवालात तो विस्ताराने आला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्तनिस्लाउस खटल्यात सांगितले की, घटनेच्या 25 व्या कलमातील प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला हे पटते. अटीवर दिलेले औषध हा व्यापार आहे. परंतु दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. स्वतःच्या विचाराने ज्याचे मन पालटले, त्याने जायचे कोठे? 1850 च्या कायद्याने धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क राखला खरा. पण कायदा दिवाणखान्यात चालतो, स्वयंपाकघरात चालत नाही. मुसलमान घरातून बाहेर पडलेल्याला आपले लोक आपला म्हणत नाहीत आणि नवी मंडळी पुष्कळदा संशयाने पाहते. मंडळी जमवण्याची गोष्ट बोलणाऱ्यांनी या एकाकी माणसाचा हिशेब क्वचितच मांडला.

आपल्याच जिल्ह्यात तिसरा एक मार्ग त्याच काळी चालू होता. हुबळीच्या बाजारात मिशनरी भाषणे करीत होते, त्याच वर्षांत शिशुनाळचे शरीफसाहेब (1819-1889) कळसच्या गोविंदभट्टांच्या पायाशी बसून कन्नड पदे रचीत होते. मुसलमानाने ब्राह्मण गुरू केला, तरी तो मुसलमानच राहिला. मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, तो याच जातीचा व्यवहार. मिशनरी दृष्टीला हा गोंधळ वाटला असता, कारण तिला निर्णय हवा होता. इकडे की तिकडे. मी शरीफांच्या बाजूचा आहे, हे लपवीत नाही. मात्र निर्णय मागणाऱ्याची सचोटीही मी नाकारीत नाही.

ख्रिस्ती मिशनांतही विचार पालटला. 1930 साली लाहोरास हेन्री मार्टिनच्या नावाने इस्लामच्या अभ्यासाची शाळा निघाली. हेतू अर्थातच मुसलमानांत काम करणाऱ्यांना शिक्षण देण्याचा होता. ती अनेक गावे फिरून 1971 मध्ये हैदराबादेत आली, आणि तोवर तिचा रोख वादाकडून परिचयाकडे वळू लागला होता. पुढे जातीय दंगलींनी होरपळलेल्या जुन्या शहरात तिने सलोख्याचे काम हाती घेतले. फांडरला हे पटले असते काय, कोण जाणे.

आता एक घरगुती आठवण सांगून थांबतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आजीच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही हुबळीहून मीटरगेज गाडीने मिरजेस गेलो. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेले ते इस्पितळ आमच्या भागातल्या तीन पिढ्यांचा आधार. मीरासाहेबांच्या दर्ग्याला आलेली माणसेही दुखणे घेऊन तिकडेच जात. आजीच्या शेजारच्या खाटेवर रायबागकडच्या एक मुसलमान वृद्धा होत्या. सकाळी सिस्टर वॉर्डात प्रार्थना म्हणत. एके दिवशी त्यांनी दोघींनाही एकेक छापील पुस्तिका दिली. आजीने ती कपाळाला लावून उशाशी ठेवली, कारण छापील अक्षर म्हणजे सरस्वती. त्या वृद्धेने विचारले, ''यात खुदाचं नाव आहे का?'' सिस्टर हो म्हणताच तिने ती पदरात गुंडाळून खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवायला लावली. दोघींनाही वाचता येत नव्हते.

संध्याकाळी तिचा मुलगा आला. त्याला पुस्तिका दिसली. चेहरा थोडा कठीण झाला. त्याला कन्नड वाचता येई, मराठी नाही. त्याने मला बोलावून म्हटले, ''वाच बघू, काय लिहिलंय.'' मी खड्या आवाजात वाचू लागलो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटसरूला लुटारूंनी मारले, याजक बाजूने गेला, लेवी बाजूने गेला आणि मग एक शोमरोनी आला. त्याने मला थांबवले. ''शोमरोनी म्हणजे कोण?''

मला ठाऊक नव्हते. मी सिस्टरांकडे पाहिले. त्या सलाईनची बाटली बदलीत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, ''त्यांच्यात उठबस नसलेला. परका.'' तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ''पुढं वाच.''