मशीन कपाटावर का गेली?

आम्ही नागपूरच्या एका महिला बचत गटाच्या बाया. एरवी इथे येऊन आम्ही कर्ज, हप्ते आणि पापड-कुरडयांचं बोलतो. आजही सुरुवात हप्त्यापासूनच आहे, पण विषय झोपेचा आहे.

आमच्या गटात एक काकू आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या. हिशेबाची वही पहिल्यापासून त्यांच्याकडे. मागच्या वर्षी त्या बैठकीत बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. आम्ही हसायचो. "काकू, रात्रभर कोणता सिनेमा पाहता?" असं आम्हीच विचारायचो, लपवत नाही. बेरजा चुकायला लागल्या तेव्हा वही दुसऱ्या कोणाकडे द्या, अशीही कुजबुज झाली. मग एक दिवस कुरडयांचा चीक शिजवताना त्यांचा डोळा लागला आणि मनगट भाजलं. तेव्हा आमचं हसू बंद झालं.

मुलीने दवाखान्यात नेलं, झोपेची तपासणी झाली. निघालं स्लीप अ‍ॅप्निया. या आजारात झोपेत घशाचे स्नायू ढिले पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास अडतो, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा तेच. सकाळी माणूस रात्रपाळी करून आल्यासारखा उठतो. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा बातम्यांत याच आजाराचं नाव आलं होतं. आपल्याला वाटतं घोरणं पुरुषांचं. पण पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो, आणि बाई घोरते हे घरातलं कोणी डॉक्टरला सांगत नाही. तिलाही लाज वाटते.

यावर उपाय म्हणून सीपॅप मशीन देतात. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. मशीन खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नळीतून, मास्कमधून नाकात सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. पुष्कळ जणींना वाटतं हा ऑक्सिजन आहे. तसं नाही, साधी हवा आहे.

गटाने काकूंना मशीनसाठी कर्ज दिलं. दोन हप्ते आले, तिसरा आला नाही. एप्रिलमध्ये आम्ही घरी गेलो, तर मशीन कपाटावर, वर टॉवेल झाकलेला.

"काहून लावत नाही वं काकू?"

"लावली होती ना आठ दिवस. जीभ टाळूले चिकटते, घसा असा कोरडा पडते की पाणी प्यायले तीनदा उठा लागते. मले नाही जमत बाप्पा हे."

मैत्रिणींनो, मशीन सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांची कथा हीच असते. आजार राहतो, कर्ज राहतं, मशीन कपाटावर राहते. आम्ही दोघी काकूंना घेऊन डॉक्टरांकडे परत गेलो, मशीन पिशवीत घालून. तिथे जे कळलं ते सांगण्यासाठीच आज आलो आहोत.

पहिली गोष्ट, मशीनसोबत एक पाण्याची टाकी येते, ह्युमिडिफायर. पाणी कोमट करून हवेला ओल देते. काकूंची टाकी खोक्यातच होती! विकणाऱ्याने पाच मिनिटांत समजावलं आणि निघून गेला. घरच्यांना वाटलं, विजेच्या वस्तूत पाणी कशाला. त्यात आपला उन्हाळा. कुलर समोरच्या खोलीत, तिथे पुरुषमंडळी झोपतात. काकू आतल्या खोलीत, पंख्याखाली. तीच भट्टीसारखी कोरडी हवा रात्रभर जोराने नाकात जात होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काकूंचं तोंड झोपेत उघडं राहत होतं. मशीनच्या नोंदीत हवेची गळती दिसली. नाकातून आलेली हवा तोंडातून निसटते, जाता जाता सगळी ओल घेऊन जाते. नाक कोरडं पडलं की आतून सुजतं, चोंदतं, मग तोंड आणखी उघडतं. हे चक्रच आहे. काकूंचं नाक धुळीच्या अ‍ॅलर्जीने आधीच चोंदलेलं असायचं. डॉक्टरांनी नाकासाठी मिठाच्या पाण्याचा स्प्रे आणि औषध दिलं, हनुवटीला आधार देणारा पट्टा दिला. काही जणींना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागतो. हे डॉक्टर ठरवतील. हवेचा दाब मात्र आपल्या मनाने बदलू नका.

मास्कचे पट्टे करकचून आवळले की गळती थांबते, असं काकूंना वाटत होतं. उलट गादी दुमडते आणि हवा डोळ्यांत जाते, नाकावर वळ उठतात ते वेगळेच. मशीन चालू करून, आडवं होऊन मग पट्टे बसवायचे. जीव घुसमटत असेल तर दुपारी मालिका पाहताना अर्धा तास मास्क लावून बसा. बऱ्याच मशीनमध्ये दाब हळूहळू वाढवायची सोयही असते. सकाळी पोट फुगलेलं वाटलं तर तेही सांगा, हवा गिळली जाते.

आता आपले घरचे उपाय. काकूंच्या सासूबाईंनी नाकात तूप सोडायला सांगितलं होतं. मशीन लावताना हे करू नका. तेलकट पदार्थ श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊ शकतो, आणि मास्कचं सिलिकॉनही खराब होतं. टाकीत कापूर, निलगिरी, बामसुद्धा नाही. औषधाच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी घातलं तर टाकीत पांढरा थर धरतो. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकी धुऊन वाळवा, मास्कची गादी साध्या साबणाने पुसा. आपण पाण्याचा माठ धुतो, तसंच. बीपीच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. शुगरही तपासा. आणि खर्रा खाणारीने तो आधी सोडावा, बाकीचं मग बोलू.

कुलरची जागा बदलायला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. तिथे आम्हालाच बोलावं लागलं. काकूंचे यजमान आधी गप्प होते. आम्ही कर्जाची वही उघडून उरलेली रक्कम दाखवली आणि म्हटलं, भाऊजी, एवढे पैसे कपाटावर ठेवायचे का? कुलर दोन खोल्यांच्या मधल्या दारात आला.

पहिल्या आठवड्यात काकू चार तासच मास्क लावू शकल्या. दुसऱ्यांदा उठल्या की काढून ठेवायच्या. महिन्याभराने रात्र पूर्ण झाली.

डिसेंबरात नवीनच प्रकार झाला. नळीत गुडगुड आवाज, आणि पहाटे नाकावर पाण्याचे थेंब. काकू घाबरल्या, फोन केला. आपल्या नागपुरात पारा मे २०१३ मध्ये ४७.९ वर गेला होता आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ वर उतरला होता. मग उन्हाळ्यात लावलेली टाकी हिवाळ्यात तशीच कशी चालेल? कोमट ओली हवा गार नळीत आली की तिचं पाणी होतं. ओल थोडी कमी केली, मशीन पलंगापेक्षा खाली स्टुलावर ठेवली म्हणजे पाणी मास्ककडे येत नाही, आणि नातीने जुन्या गोधडीच्या कापडाची नळीला खोळ शिवली. फुलाफुलांची आहे. आमच्या गटातल्या दोघींनी तिचं माप घेऊन ठेवलंय.

कोणाच्या घरी जोरात घोरणं, झोपेत श्वास अडणं, दिवसा पेंगणं असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्समध्ये श्वसनरोग विभागात आधी दाखवा. ज्यांच्याकडे मशीन आहे पण वापरात नाही, त्यांनी ती पिशवीत घालून सोबत न्यावी.

काकूंचे राहिलेले हप्ते आले. वही त्यांच्याकडेच आहे. मागच्या बैठकीत त्यांनी आमच्याच बेरजेत तीनशे रुपयांची चूक काढली, आणि चूक करणाऱ्या दोघींना विचारलं, "रात्रभर कोणता सिनेमा पाहता वं?"