आजोबांची गिरणी कोणती?

कोपरच्या या सभागृहात कुणाकुणाचे वडील-आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, असे विचारले तर पुष्कळ हात वर होतील. कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, असे विचारताच त्यातले बरेच खाली येतील. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि लालबाग-परळची किती तरी कुटुंबे डोंबिवली, कोपर, दिव्याला येऊन राहिली. येताना भांडीकुंडी आली, देव आले; कागद मात्र बहुतेकांचे मागे राहिले.

त्याच कागदांवर आज घर मिळते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी एखाद्या गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार, नाहीतर त्याचा वारस, म्हाडाच्या योजनेत बसतो. पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, पगारपावती, रजेच्या वहीतली नोंद, फंडाचा किंवा ईएसआयचा क्रमांक चालतो.

खरा घोळ गिरणीच्या नावात असतो. आजी म्हणते ‘जेकब ससून’, कागदावर असते ‘इंडिया युनायटेड नंबर १’. ससूनांच्या गिरण्या १९४३च्या सुमारास हातबदल होऊन इंडिया युनायटेड झाल्या आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. दादरची इंदू मिल, जिथे बाबासाहेबांचे स्मारक उभे राहते आहे, ती याच समूहातली सहा नंबर. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नुसते नाव विचारू नका. दरवाजा कोणत्या रस्त्यावर होता, पाळी सुटल्यावर चहा कुठे प्यायचे, जॉबर म्हणजे मुकादम कोण होता, हे विचारा. रस्ता कळला की जुन्या नकाशावर गिरणी सापडते.

आजोबा सुरुवातीला बदली कामगार असतील, तर शोध आणखी अवघड. बदलीवाला रोज दारात उभा राही, कामावर घेतले तर त्या दिवसाची मजुरी. त्याची नोंद एकाहून अधिक गिरण्यांत विखुरलेली असू शकते. कायम झालेल्याचा माग काढणे तुलनेने सोपे, कारण १९५२चा भविष्यनिर्वाह निधी कायदा ज्या सहा उद्योगांना आधी लागू झाला, त्यात कापडउद्योग होता. मी म्हणेन, फंडाचा क्रमांक आधी शोधा.

तो मिळाला नाही, तर वडिलांच्या प्राथमिक शाळेत जा. जनरल रजिस्टरमध्ये पालकाच्या व्यवसायाची नोंद असू शकते. कोकणातल्या गावांच्या मंडळांनी गिरणगावात खोल्या घेतल्या होत्या. तिथे राहणाऱ्यांच्या वर्गणीच्या जुन्या वह्या गावाकडे एखाद्या पेटीत असतील. या वह्यांना कुणी दफ्तर मानत नाही, म्हणून त्या रद्दीत जातात, आणि याचे मला फार वाईट वाटते. कुठल्या गावची किती माणसे एका खोलीत पाळीपाळीने झोपत होती, हे आपल्याला अशा वह्यांतूनच कळू शकते.

ज्यांचे आजोबा १९७५ साली निवृत्त झाले, त्यांना या खटाटोपातून घर मिळणार नाही. तरीही त्यांनी हा शोध घ्यावा, असा माझा आग्रह आहे. त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, तीस वर्षे राबलेल्या माणसाची ओळख घरच्यांपाशी नुसती ‘गिरणीत होते’ एवढीच उरणे मला मान्य नाही. आजी असतील तर आधी त्यांच्याकडून खाते, पाळी आणि नाका तारीख घालून वहीत लिहून घ्या, कचेऱ्यांचे अर्ज त्यानंतर.