हातातली पाटी आणि सुरतेचे ऊन-पाऊस

उधना आणि लिंबायत या सुरतेच्या भागांत आमच्या खानदेशातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. तेथल्या गल्लीत वैशाखातल्या दुपारी घरोघर हिंडून माणसांची नोंद करणारा एखादा शिक्षक आपण डोळ्यांपुढे आणा. पूर्वी त्याच्या काखेत कागदांचे बाड असे. आता हातात पाटीएवढे यंत्र असते. कागदाला उन्हाचे भय नव्हते, पावसाचे मात्र होते. या यंत्राला दोहोंचेही आहे. ते भय कमी व्हावे म्हणून खास उघड्यावरच्या कामासाठी दणकट टॅब्लेट बनवितात, त्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

सुरतेत पाण्याची गोष्ट निघाली की ऑगस्ट २००६ आठवल्यावाचून राहत नाही. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी तापीत सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. पुरात घरातल्या कागदांचा लगदा होतो. पण मदत कोणाला पोचवावयाची, याची यादी तर त्याच दिवशी हवी असते. अशा वेळी भिजल्या हातातही चालणारे यंत्र ही काही चैनीची वस्तू नव्हे.

दणकट यंत्रावर पुष्कळदा ‘आयपी ६७’ अशी खूण असते. पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ मुळीच आत जाणार नाही. दुसरा पाण्याचा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही बिघाड होणार नाही. येथे एक गंमत आहे. बुडण्याची परीक्षा उतरलेले यंत्र पाण्याच्या जोरदार झोताची परीक्षा उतरलेले असतेच असे नाही. ती परीक्षा निराळी. आपला आषाढातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा तो डबक्यापेक्षा झोतालाच अधिक जवळचा! शिवाय परीक्षेचे पाणी गोडे असते आणि यंत्र कोरे करकरीत. हजिऱ्याच्या बाजूचा खारा वारा दोन वर्षे खाल्लेल्या, चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण सैल झालेल्या यंत्राविषयी तो आकडा काहीच सांगत नाही.

दुसरी खूण अमेरिकेच्या लष्करी मानकाची, ‘८१०’ ची. हे मानक १९६२ सालचे. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यातल्या एका परीक्षेत यंत्र सुमारे १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा पाडतात. ऐकून छाती दडपते. पण हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा त्याच नियमांत आहे, हे जाहिरातीत सहसा छापत नाहीत. खरेदी करणाऱ्याने कोणती परीक्षा, कोणी घेतली, एवढे तरी विचारावे.

मला स्वतःला यांत सर्वांत कठीण वाटते ती उष्णता. धूळ आणि पाणी यांना दार बंद केले की आतल्या उष्णतेलाही दार बंद होते. अशा यंत्रांत बहुधा पंखा नसतो. धातूच्या पाठीवाटे जेवढी उष्णता निघून जाईल तेवढीच. साध्या टॅब्लेटपैकी काहींचे उत्पादक तर ३५ अंशांपर्यंतच वापर करा असे सांगतात, आणि सुरतेत मे महिन्याची दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. लिथियमच्या बॅटरीला सुमारे ४५ अंशांपुढे चार्ज करणे अपायकारक असते. म्हणून साध्या यंत्रावर जाड रबरी कवच चढवून त्याला दणकट म्हणविणे हा मला निव्वळ भाबडेपणा वाटतो. पडल्यावर ते वाचेल. उन्हात मात्र लवकर तापेल.

एकदा पावसाच्या भुरभुरीत मी एका दारात उभा राहून नोंद करीत होतो. पडदा बोटाचा स्पर्श ओळखतो तो विद्युत्-गुणावरून, आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासतो. पाच माणसांच्या कुटुंबाची पंचावन्न झाली! घरची आजी म्हणाली, “भाऊ, इतक्या जणांच्या भाकरी कोण थापणार?” चांगल्या दणकट यंत्रात ओल्या पडद्यासाठी निराळी सोय असते, माझ्या हातातल्यात ती नव्हती. आजींच्या त्या एका प्रश्नाने नोंद वाचली.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेसाठी सरकारने भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेली सुमारे ६ लाख ४० हजार हातयंत्रे वापरली होती. १ मार्च २०२७ हा संदर्भ-दिनांक असलेल्या जनगणनेत मात्र प्रगणकाने आपल्याच मोबाईलवर नोंद करावयाची, असे ठरले. घरयादीसाठी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर २०२६ हा काळ नेमला गेला. त्यातले ३० दिवस प्रत्येक राज्याने निवडावयाचे. म्हणजे ऊन टळले तर पाऊस! खर्चाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण यंत्र शिक्षकाचे, आणि ते बिघडले तर दुरुस्तीही त्याच्याच खिशातून, ही गोष्ट मला खटकते.

असा मोबाईल घेऊन निघणाऱ्याने तो स्कूटरच्या बंद डिकीत ठेवू नये. तापला असता चार्जिंगला लावू नये. यंत्रमागाच्या वस्तीत कापडाचे बारीक तंतू चार्जिंगच्या भोकात साचतात, ते रोज रात्री मोबाईल बंद करून कोरड्या मऊ ब्रशाने काढावेत. पावसात पारदर्शक पिशवी जवळ असावी. आणि नेटवर्क मिळेल तेथे, पुढच्या घराची कडी वाजविण्यापूर्वी, झालेली नोंद पाठवून द्यावी.