कंबरेचा सांधा आणि देहाचा तोल

(आपल्या सुतार ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात धाराशिव येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्याचे विषय ठरलेले असतात. वधूवरांचा परिचय, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि हिशेबाचे वाचन. त्यांत कंबरदुखीसारखा विषय घुसविण्याचे धाडस कार्यकारी मंडळाने का केले, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या पंगतीत आहे. जेवण आटोपल्यावर ज्येष्ठ मंडळी पाटावरून उठू लागली, तेव्हा एक हात जमिनीवर, एक हात शेजाऱ्याच्या खांद्यावर आणि मुखी विठ्ठलाचे नाव, असे दृश्य रांगेने दिसले. ते पाहून आपल्या चिटणीसांनी मला तेथेच हटकले आणि म्हणाले, "तुम्ही या विषयाचे शिक्षण घेतले आहे ना? मग पुढच्या वर्षी बोला."

आपल्या धंद्यात हे दुखणे वंशपरंपरेने येते असे आपण मानतो. वस्तुतः वंशाने येतो तो धंदा, आणि दुखणे येते ते धंद्यातल्या बसण्याने. ओंडका पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा, कंबरेत वाकायचे, अंग एका बाजूस कलते ठेवायचे आणि तासन् तास वाकस चालवायचा, हे आपल्या वाडवडिलांनी केले. आजच्या तरुणाने वाकस टाकला आणि यंत्र घेतले खरे. परंतु पुण्यामुंबईस गेलेला आपला मुलगा तीस किलोंहून अधिक वजनाचा प्लायवूडचा तक्ता एकाच खांद्यावर घेऊन चार मजले चढतो, तेव्हा हत्यार बदलले तरी भार जुन्याच जागी पडतो.

ती जागा कोणती, हे सांगण्यापूर्वी एक घरची गोष्ट सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची कंबर धरली. त्यांना शहरात नेले. तेथे मणक्यातील गादी सरकल्याचे सांगण्यात आले, फळीवर तीन महिने निजून राहण्याचा सल्ला मिळाला आणि कंबरेला घट्ट पट्टा आला. वडील आज्ञाधारक होते. नव्वद दिवस ते फळीवर राहिले. उठले तेव्हा मांड्या वाळल्या होत्या आणि उंबरा ओलांडताना पाऊल कोठे पडते हेच त्यांना कळेना. दुखणे होते तेवढेच राहिले, वर तोल गेल्याची भीती बसली. त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली, ती पुन्हा खाली आली नाही. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस होते. पुढे मी भौतिकोपचार शिकलो तेव्हा वाचनात आले की १९८६ सालीच अमेरिकेत कंबर धरलेल्या रुग्णांत दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली होती. दोन दिवसांवर उठलेली माणसे काही मागे पडली नव्हती, उलट त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले होते. ते ज्ञान आमच्या उंबऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाही. आज मी येथे उभा आहे तो याच कारणाने.

आता त्या सांध्याकडे वळू. आपल्या पाठीच्या कण्याचा शेवट एका त्रिकोणी हाडात होतो. ते वर रुंद आणि खाली निमुळते असते. दोन्ही खुब्यांच्या मोठ्या हाडांच्या मध्ये ते ठोकून बसविल्यासारखे असते. सुतारास याहून अधिक सांगावयास नको, कारण ती पाचर आहे. डोक्यापासून कंबरेपर्यंतचा सर्व भार या पाचरीवर येतो आणि तेथून डाव्या-उजव्या पायांत वाटला जातो. पाचरीच्या दोन्ही अंगांस जे दोन सांधे आहेत त्यांना वैद्यकात सॅक्रोइलियाक म्हणतात. आपण त्यांना पाचरीचे सांधे म्हणू. गुडघा जसा मिटतो-उघडतो तसे हे सांधे हलत नाहीत. त्यांची हालचाल फार थोडी, चारदोन अंशांची. पण ती थोडी हालचाल जेथे हवी तेथे आणि हवी तेवढीच व्हावी लागते.

हे सांधे कशाने धरून राहतात, याचा उलगडा १९९० नंतरच्या काही वर्षांत हॉलंडमधील संशोधकांनी फार सुंदर केला आहे. पकड दोन प्रकारची असते, असे त्यांनी मांडले. पहिली आकाराची. हाडांचे पृष्ठभाग खडबडीत असतात, एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो, जसे कुसू भोकात बसते. दुसरी पकड आवळण्याची. ती बैलगाडीच्या चाकात आहे. तुंबा, आरे आणि पाटे आपण कितीही नेमके बसविले तरी वर लाल तापविलेली लोखंडी धाव चढवून, पाणी ओतून ती आकसल्याशिवाय चाक एकजीव होत नाही. पाचरीच्या सांध्यांची धाव म्हणजे पोटाचे खोल स्नायू, ढुंगणाचे जाड स्नायू आणि पाठीचे रुंद स्नायू. उजव्या पाठीचा स्नायू डाव्या ढुंगणाच्या स्नायूशी एका मजबूत पडद्याने जोडलेला असतो, आणि डाव्याचा उजव्याशी. कडब्याच्या गाडीवर फुलीसारखा तिरपा दोर आवळावा, तशी ही रचना आहे. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली म्हणजे शेतकरी चाक ओढ्याच्या पाण्यात टाकून ठेवतो. आमच्या वडिलांना फळीवर निजविले, तेव्हा आम्ही नेमके उलट केले. धाव सैल होती, आणि चाक आणखी उन्हात ठेवले.

या सांध्याच्या दैवाचीही एक कथा आहे. १९०५ साली बोस्टनमधील दोन डॉक्टरांनी कंबरदुखीचे मूळ येथे असू शकते असे प्रतिपादन केले आणि पुढील काही दशके त्याचाच बोलबाला होता. १९३४ साली त्याच शहरातील दुसऱ्या दोघांनी मणक्यांमधील गादी फुटून नस दाबली जाते हे दाखवून दिले. तो शोध खरा व मोठा होता. परंतु त्यानंतर प्रत्येक कंबर गादीच्याच माथी मारली जाऊ लागली, आणि "गादी सरकली" हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रूढ झाला. मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या तपासणीतही गाद्या फुगलेल्या दिसतात, ही गोष्ट मागे राहिली. आज तज्ज्ञ असे मानतात की जुन्या कंबरदुखीच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंधरा ते तीस जणांत दुखण्याचे मूळ पाचरीच्या सांध्यात असते.

ते ओळखावे कसे? रुग्णाला कोठे दुखते विचारले असता तो सगळ्या पाठीवरून हात फिरवीत नाही. कंबरेखाली जेथे खळी पडते, तिच्या लगत एकाच बोटाने जागा दाखवितो. दुखणे बहुधा एका अंगास असते, ढुंगणात व मांडीच्या मागे उतरते, गुडघ्याच्या खाली सहसा जात नाही. खुर्चीवरून उठताना, जिना चढताना, अंथरुणावर कूस पालटताना, एका पायावर उभे राहून धोतर किंवा विजार चढविताना कळ येते. केवळ क्ष-किरणांच्या चित्रावरून निदान होत नाही. जाणकार भौतिकोपचारक सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब देऊन चार-पाच चाचण्या करतो आणि त्यांपैकी तीन तरी तीच ओळखीची कळ आणतील, तर संशय बळावतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे माझे कर्तव्य आहे. पायांमधील जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, ताप, वजन घटणे, रात्रभर न थांबणारी कळ, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, यांपैकी काहीही असल्यास व्यायाम करू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्याचा क्षय आपल्या भागातून अजून गेलेला नाही. तसेच विशी-तिशीतील मुलाची कंबर पहाटे ताठून अर्धा-पाऊण तास सुटत नसेल आणि हिंडल्या-फिरल्यावर बरे वाटत असेल, तर त्याला आळशी म्हणून झिडकारू नये. सांध्यांच्या एका वेगळ्या संधिवाताची ती सुरुवात असू शकते, आणि वेळीच औषध मिळाल्यास पाठ वाकण्यापासून वाचते.

आता तोलाविषयी. माणूस तीन गोष्टींवर उभा राहतो. डोळे, कानाच्या आतील यंत्र, आणि सांधे व स्नायू यांतून मेंदूकडे अखंड जाणारी वर्दी. ओळंबा आणि पाणसळ आपण हातात धरून वापरतो. ही तिसरी पाणसळ देहाच्या आतच बसविलेली आहे. कंबर दीर्घकाळ दुखली म्हणजे तीच बिघडते. अशा माणसाला डोळे मिटून उभे केले तर तो इतरांपेक्षा अधिक डुलतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियात असे दिसून आले की निरोगी माणूस नुसता हात उचलतो तेव्हाही पोटाचा खोल स्नायू हाताच्या आधी आवळला जातो, आणि कंबर दुखणाऱ्यांत तो उशिरा आवळला जातो. म्हणजे धाव आहे, पण चाक खड्ड्यात गेल्यावर ती आवळते! हा क्रम पुन्हा शिकविणे, यालाच आमच्या शास्त्रात तोलाचे शिक्षण म्हणतात.

त्याची रीत साधी आहे. सतरंजीवर उताणे निजावे, गुडघे उभे करावेत. श्वास न रोखता बेंबीखालचे पोट अलगद आत घ्यावे, दहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे. असे दहा वेळा. बळ लावण्याचा मोह येतो, तो आवरावा. हे साधल्यावर, पोट तसेच ठेवून ढुंगण जमिनीवरून उचलावे व सावकाश ठेवावे. मग कुशीवर निजून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडावा. याने एका पायावर उभे असताना कंबर कलू न देणारा स्नायू तयार होतो. नंतर लहान मूल रांगते तसे ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय लांब करावा, पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे असे समजून. दोन-तीन आठवड्यांनी उभ्याचे व्यायाम घ्यावेत. भिंतीजवळ टाचेपुढे टाच ठेवून उभे राहावे, मग एका पायावर, मग घडी केलेल्या गोधडीवर एका पायावर, आणि हे सर्व साधल्यावरच डोळे मिटून. भिंत हाताच्या अंतरावर हवी. ज्यांनी शाळेत वृक्षासन केले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. व्यायामात थोडी कळ आल्यास घाबरू नये. ती दुसऱ्या दिवशीही वाढलेलीच राहिली तर मात्र एक पायरी खाली यावे.

पट्ट्याविषयी अनेक जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर प्रथमच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात व्यायाम व रुग्णाचे शिक्षण यांना स्थान दिले असून कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे उपचार नित्याचे म्हणून करू नयेत, असे सांगितले आहे. विश्रांती मुळीच नको असे मी म्हणत नाही. आपली आई तुळजाभवानी देखील दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा घेते. पण ती पाच दिवसांचीच. कोजागरीस ती पुन्हा सिंहासनावर असते, आणि त्या रात्री सोलापूरहून पायी आलेली लाखो लेकरे तिच्या दारी उभी असतात.

भगिनींविषयी मला थोडे अधिक बोलावयाचे आहे, आणि पुरुषांनी ते ऐकावे अशी इच्छा आहे. गरोदरपणात या सांध्यांचे बंध निसर्गतःच सैल होतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचे ते पूर्ववत् होतात, काहींचे होत नाहीत. आमच्याच घरातील एक सून दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन वर्षे जिना बसून चढत होती. सासूबाईंना वाटे की कामचुकारपणा आहे, तिला वाटे की सांगितले तर माहेरी बोल लागेल. मी घरातच या विषयाचा माणूस असून मला ते दोन वर्षे कळले नाही, याची लाज वाटते. नॉर्वेत २००४ साली अशाच बाळंतिणींना वीस आठवडे वर सांगितलेल्या जातीचे व्यायाम देण्यात आले. त्यांचे दुखणे इतर उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाले, आणि दोन वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. आमच्या सुनेला पाच महिने लागले. आता ती घागर घेऊन जिना चढते, मात्र घागर कडेवर घेत नाही.

भौतिकोपचार ही काही परकी चैन नव्हे. पोलिओच्या साथींनी मुले लुळी होऊ लागली तेव्हा, १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा निघाली, आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पूर्वी आम्हांला सोलापूर-लातूरची वाट धरावी लागे. अलीकडे जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे.

कारखान्यांच्या मालकांस माझी एकच विनंती आहे. कामाचे बाक कंबरेइतके उंच करून घ्यावे आणि प्लायवूडचा तक्ता दोघांनी मिळून उचलावा. बाक करणे आपल्या हातचे आहे, त्यासाठी कोणाकडे अर्ज करावयास नको.

भोजनानंतर सभागृहाच्या मागील व्हरांड्यात मी दोन तास बसणार आहे. भगिनींसाठी आतील खोलीत माझ्या एक सहकारी बाई आहेत. येताना जुने कागद व चित्रे आणावीत. ज्यांना येथवर चालत येणे जड जाईल त्यांनी चिटणीसांकडे नाव द्यावे, मीच त्यांच्या घरी येईन.