मूषकाचं गोत

मखरातल्या मूषकापुढे आपण मोदक ठेवतो आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात पिंजरा लावतो. आज या घरच्या उंदराच्या कुळाबद्दल बोलू.

त्याच्या पेशीत एरवी ४० गुणसूत्रं असतात, सगळी काडीसारखी. पण अटलांटिक महासागरातल्या मादेरा या पोर्तुगीज बेटावर हिशेब वेगळा लागतो. बेट केवढं? आपल्या इंदूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं. जानिस ब्रिटन-डेव्हिडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की एवढ्याशा जागेत उंदरांचे सहा गट आहेत आणि त्यांची गुणसूत्रं २२ ते ३० एवढीच आहेत.

मग बाकीची गेली कुठे? कुठेच नाही. दोन काड्या टोकाशी जुळल्या की चिमट्यासारखं एक गुणसूत्र होतं. ४० पैकी ३६ अशी दोन-दोन जुळली की १८ होतात. सुटी राहिलेली ४ धरून २२. सामान तेच, गाठोडी कमी.

कोणती काडी कुणाशी जुळली, हे मात्र गटागटाला वेगळं. उंदीर तिथे माणसांच्या गलबतांतून आले. बेटावर उभे कडे, खोल दऱ्या, वस्ती किनाऱ्यालगत. एकेका दरीत थोडेच उंदीर अडकले आणि तिथे योगायोगाने झालेली जुळणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्यात कुणी सरस ठरलं म्हणून नव्हे, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. वेगळं झालेलं दिसलं की आपण लगेच श्रेष्ठ-कनिष्ठ लावायला बसतो.

पुण्याचे पाहुणे आपल्या बोलण्यातली हिंदी मोजतात, तेव्हा हे उंदीर आपल्याला जवळचे वाटतील. पण उपमा इथेच सोडू. आपल्या लेकी-सुना कुठल्याही गावी सुखाने नांदतात. उंदरांत दोन गटांचा संकर झाला, की बीजपेशी बनताना गुणसूत्रांना आपापला जोडीदार शोधावा लागतो. एकाकडे जुळणी एक, दुसऱ्याकडे भलतीच. मग गोफ विणताना पावलं चुकावीत तसा गुंता होतो आणि संततीची प्रजननक्षमता घटते. साधी एखादीच जुळणी वेगळी असेल, तर बहुधा निभावतं.

स्वित्झर्लंडमधल्या पोस्कियाव्हो दरीतल्या काळसर उंदराला फातिओने १८६९ साली स्वतंत्र प्रजात ठरवून टाकलं होतं. शंभरेक वर्षांनी आल्फ्रेड ग्रोप यांना त्याच्यात २६ गुणसूत्रं सापडली. तरीही आज तो घरच्या उंदरातच गणला जातो, आणि मादेराचे सहाही गट तसेच.