पाचवी ते बारसं : बाळ-बाळंतिणीच्या वजनाचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी डॉक्टर नाही. परिचारिका म्हणून तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात. निवृत्त झाले तरी ते काम काही सुटलं नाही. सोसायटीत कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, की चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या दाराची बेल वाजते. "सिस्टर, जरा येऊन बघता का? बाळ वाळल्यासारखं दिसतंय." महिन्या-दीड महिन्यानं दुसरा प्रश्न येतो. तो लेक स्वतः विचारते, आणि आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळू आवाजात विचारते. "मावशी, माझं वजन कधी उतरणार?"

आज या दोनच प्रश्नांवर बोलणार आहे.

आधी बाळाचं. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन कमी होतं. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाचंही होतं. कारणं साधी आहेत. पोटातून येताना बाळ अंगात जास्तीचं पाणी घेऊन येतं, ते लघवीवाटे निघून जातं. काळी-हिरवी चिकट शी होते, ती जाते. आणि पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक, तोही थोडा थोडा. बाळाचं पोटच तेव्हा एवढंसं असतं, त्याला तेवढा पुरतो. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटी चाटून खातो, आणि कितीतरी घरांत आईचा चीक मात्र पिळून टाकायची रीत होती. आता ती कमी झाली, हे बरं झालं.

हिशेब असा ठेवा. बाळ ३ किलोचं जन्मलं. त्याचं वजन २१० ग्रॅमनं उतरलं तर ते झाले ७ टक्के. इथपर्यंत बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. ७ च्या पुढे गेलं, की बाळ छातीला नीट लागतंय का, गिळतंय का, हे कुणीतरी जाणकारानं शेजारी बसून पाहायला हवं. आणि ३०० ग्रॅम, म्हणजे १० टक्के उतरलं, तर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवायचं. "उद्या बघू" म्हणायचं नाही.

वजन सर्वांत खाली जातं ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. मग चढू लागतं, आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर परत येतं. म्हणजे बघा, पाचवी पुजतो तेव्हा काटा खाली, आणि बाराव्या दिवशी पाळण्यात घालून नाव ठेवतो तेव्हा जिथून निघाला तिथे परत. हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे. पाचवीपर्यंत उतरतं, बारशाच्या सुमारास भरून येतं. चौदा दिवस झाले आणि अजून भरून आलं नाही, तर दाखवून घ्यायचं.

अडचण कुठे येते ते सांगते. आता जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात. साधं बाळंतपण झालं तर दोन-तीन दिवसांत, सिझेरियन झालं तर चार-पाच दिवसांत घरी सोडतात. म्हणजे नेमकं ज्या दिवशी वजन सर्वांत कमी असतं, त्याच सुमारास बाळ घरी येतं. घरात काटा नसतो. असतात त्या भेटायला येणाऱ्या बायका. "अगं बाई, किती बारीक दिसतंय! दूध पुरत नसेल गं तुझं." झालं. रात्री बाळ दोनदा जास्त रडलं, की पावडरचा डबा येतो, बाटली येते. बाळ बाटलीवर झोपतं. छातीला कमी लागतं, म्हणून दूध कमी बनतं. आठ दिवसांनी खरोखरच दूध पुरेनासं होतं, आणि सगळे म्हणतात, "बघ, आम्ही म्हटलंच होतं." आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. विहिरीला उपसा असला तरच झरे वाहते राहतात. बाळानं दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला हवं. तोच तो उपसा.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळं वजन उतरणं नैसर्गिक नसतं.

एका मे महिन्यातली गोष्ट. ऊन चाळिशीच्या वर. सहा दिवसांचं बाळ घेऊन आजी वॉर्डात आली. बाळासाठी नव्हतीच आली. लेकीचे टाके दाखवायला आली होती. बाळाबद्दल विचारलं तर कौतुकानं म्हणाली, "फार शहाणं आहे हो. रडत नाही, त्रास नाही, नुसतं झोपतं." मी बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. २ किलो ९०० चं जन्मलेलं बाळ २ किलो ४०० वर आलं होतं. सतरा टक्क्यांहून जास्त. अंग तापलेलं, जीभ कोरडी, आणि सकाळपासून लंगोट ओला झालेला नव्हता. ते बाळ शहाणं नव्हतं. रडायची ताकद संपली होती. अशा वेळी रक्तातलं सोडियम वाढलेलं असतं आणि त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. बाळाला लगेच दाखल केलं, आणि ते वाचलं. आजीनं हलगर्जी केली असं मी म्हणणार नाही. बाळाला जपायला रात्र रात्र जागली होती ती. फक्त सहा दिवसांत त्या बाळाचं एकदाही वजन झालं नव्हतं.

म्हणून काटा नसेल तर निदान लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी व्हायला हवी. शी काळ्याची पिवळी व्हायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, बाळ पिण्यासाठी स्वतःहून उठत नसेल, पिवळेपणा पोटाच्या खाली पायांपर्यंत उतरला असेल, तर थांबायचं नाही. उन्हाळ्यात बाळाला वरचं पाणी पाजू नका. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. फक्त जास्त वेळा पाजा, आणि टोपडं-मोजे-दुपट्टा यांच्या घड्या जरा कमी करा. मधाचं बोटही नको. एक वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यातून बाळाला विषबाधा होऊ शकते.

पाचवीनंतर वजन रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढतं. साधारण पाच महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट, वर्षात तिप्पट. पण इथे एक विनंती. तुलना करू नका. आपल्यापैकी कितीतरी जणांची नातवंडं अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत. तिकडचा फोटो येतो आणि इकडचं बाळ किरकोळ वाटायला लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं साधारण २ किलो ७००. इंग्लंडमधल्या साऊथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण आपली बाळं दिसायला हडकुळी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणजे बाळ नुसतं गुटगुटीत करण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बाळाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या आठवड्याशी करायची. अडीच किलोच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल, तर मात्र त्याचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

वजनाचा काटा किती मोठं काम करतो, हे आपल्या महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. घरोघरी जायचं, बाळाला तोलायचं, ऊब द्यायची, पाजणं बघायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा. तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती, ती संख्या २५ वर आली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यांच्या पिशवीत टांगायचा काटा असतो.

आणि आपल्या शहराचंही यात नाव आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, सुरू झालं. त्याचे पहिले महासंचालक व्ही. रमणी त्याआधी इथले विभागीय आयुक्त होते. अंगणवाडीत प्रत्येक मुलाचं वजन नियमित आणि खरं नोंदवलं जावं, हा त्या कामाचा पाया होता. वजन घेतलंच नाही, तर कोणतं मूल मागे पडतंय ते कळणार कसं?

आता दुसरा प्रश्न, लेकीचा.

बाळंतपणात साधारण दहा-बारा किलो वजन वाढतं. त्यातलं बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो बाळंत होतानाच उतरतं. पुढच्या काही आठवड्यांत अंगावरची सूज घाम-लघवीवाटे निघून आणखी दोन-तीन किलो जातात. गर्भाशय किलोभराचं झालेलं असतं, ते सहा आठवड्यांत मूळच्या आकारावर येतं. म्हणून बाळंत झाल्यावर आठवडाभर पोट सुटलेलं दिसतं, त्यात नवल काही नाही. उरते ती चरबी. ती शरीरानं दुधासाठी राखून ठेवलेली शिदोरी आहे. ती उतरायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. नऊ महिन्यांत चढलेलं नऊ आठवड्यांत उतरव, असं तिला म्हणू नका. मोबाईलवरच्या नट्यांकडे तर बघूच नका.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणून उपाशी राहून वजन उतरवणं नको. पण डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू दिवसाला एक-दोन पुरेत. सहा-सहा लाडू आणि वर तुपाची धार, असं केलं की हिशेब दुसऱ्या बाजूला जातो. वरण, उसळ, पालेभाजी, भाकरी, दूध, फळ हे रोज हवं. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटेल म्हणून. तसं अजिबात करू नका, तहान लागेल तेवढं प्यायला द्या. पोट बांधल्यानं कमरेला आधार वाटत असेल तर बांधा, पण पट्ट्यानं चरबी जात नाही. आधी घरातल्या घरात, मग आपल्या बागेला फेऱ्या. सिझेरियन असेल तर जोराचा व्यायाम डॉक्टरांना विचारून.

तिच्याही बाबतीत काही खुणा ओळखायच्या. वजन झपाट्यानं उतरतंय आणि छातीत धडधड, हात थरथर असेल, तर थायरॉइड तपासा. अचानक सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, असं पहिल्या सहा आठवड्यांत झालं तर लगेच रक्तदाब बघा. गरोदरपणात साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखर पुन्हा तपासायची. हे बहुतेक जणी विसरतात. आणि ती जेवत नसेल, झोपत नसेल, सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, तर "नखरे" म्हणू नका. तो आजार आहे, आणि त्यावर औषध आहे.

जावईबापूंनाही एक सांगते. व्हिडिओ कॉलवर रोज "बाळाचं वजन किती झालं?" विचारता, चांगलं आहे. त्याच्या आधी "तू जेवलीस का?" हे विचारा.

शेवटी कार्यकारिणीकडे एक मागणी. पंचवीस वर्षांत आपण बोअर घेतलं, लिफ्ट बदलली, सौरदिवे लावले. आता सोसायटीच्या ऑफिसात बाळाचा एक वजनकाटा ठेवू या. पाच-दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा फार महाग नसतो. सोबत एक वही. पाचवीला एक नोंद, बारशाला एक नोंद, पुढे महिन्याला एक. तोच काटा, बाळ उघडं, पाजण्याच्या आधी. रोज रोज तोलायचं नाही, त्यानं जीव उगाच टांगणीला लागतो. नोंद कशी करायची ते शिकवायला मी तयार आहे, आणि दर रविवारी सकाळी तासभर बसायलाही तयार आहे.

आणि आपण शेजारणींनी एवढं करू या. बाळंतिणीला भेटायला जाताना "बारीक झालं", "जाड झालीस" हे शब्द दाराबाहेर ठेवू. हातात भाजी-भाकरीचा डबा असला, आणि तासभर बाळ सांभाळून तिला झोपू दिलं, तर ती भेट तिला खूप दिवस आठवेल.

 प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा.