मधला ओटा: आधी खडू, मग दगड

भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत ज्यांचा संसार झाला, त्यांना भिंतीला लागून असलेला एकच ओटा ठाऊक. तीच मंडळी रिटायर होऊन नेहरूनगरला किंवा जुनवानीकडे घर बांधतात, आणि आर्किटेक्ट मोठ्या स्वयंपाकघराच्या मधोमध एक चौकोन काढून देतो. त्याला आयलंड म्हणतात. आपण मधला ओटा म्हणू.

फौजेत कारवाईआधी जमिनीवर सँड मॉडेल करतात. इथे तर जमीन आपलीच, नकाशा खऱ्या मापाचा काढता येतो. टाइल्स बसण्याआधी खडूने ओटा आखा, त्यावर टेबलं मांडा, आणि जी व्यक्ती रोज पोळ्या करते तिला तिथे वावरू द्या. घरमालकाने फक्त बघायचं. फ्रिजचं दार उघडून मागून दुसऱ्याला जाता येतं का? एकजण काम करणार असेल तर ओट्याभोवती साडेतीन फूट वाट हवी, सासूसुना दोघी असतील तर चार. वाट उरत नसेल तर ओटा लहान करा. वाट कापून ओटा वाढवू नका.

रुंदीचं गणित हाताचं आहे. उभ्या माणसाचा हात आरामात दोन फूट पोचतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळा ओटा चार फूट रुंद, बस्स. त्याहून रुंद केलात तर मधला पट्टा पुसायला स्टूल लागेल. उंची कोपरावरून ठरवा: हात काटकोनात वाकवला की कोपराच्या चार इंच खाली चिरण्याचा ओटा, कणीक मळायला आणखी थोडा खाली. पाच फूट उंचीच्या बाईला ३६ इंचांचा ओटा म्हणजे रोजची खांदेदुखी.

गॅस मधे नको, असं माझं स्पष्ट मत. आपल्या फोडणीचा धूर भिंतीवरच्या चिमणीलाच आवरत नाही, आणि पलीकडे नातवंडं बसलेली असतात. सिंक मधे हवं असेल तर निचऱ्याचा पाइप फरशीखालून उताराने जाणार, तेव्हा ते आजच सांगा.

आता दगड. संगमरवर दिसतो छान, पण लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग खातो. कडप्पाही चुनखडीचाच, त्याचं तेच. क्वार्ट्झ म्हणून विकतात ती दगडाची पूड रेझिनमध्ये घट्ट केलेली असते. डाग धरत नाही, मात्र तापलेली कढई थेट ठेवली तर रेझिन करपतं. ग्रॅनाइट उष्णता सोसतो. दुकानात एक गोष्ट विचारा: माल कटर साइजचा की गँगसॉचा? कटर साइज अरुंद असतो, भिंतीच्या ओट्याला पुरतो. चार फुटांच्या ओट्याला तो लावला तर मधोमध जोड येणार आणि त्यात हळद बसणार. रुंद गँगसॉ स्लॅब महाग पडतो, पण पैसे तिथेच घाला. बसण्यासाठी एक फूट दगड बाहेर काढणार असाल तर खाली लोखंडी ब्रॅकेट द्या. आपल्याकडचा दगड जेमतेम १८-२० मिलिमीटर जाड असतो.

आणि हा दगड कापणारा पोरगा. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, ग्रॅनाइटमध्ये पुष्कळ कमी, पण असतेच. कोरडं कापलं की ती बारीक धूळ फुप्फुसात बसते. सिलिकोसिस म्हणतात, त्यावर इलाज नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असला कृत्रिम दगड बंदच केला. आपल्याकडे तो पोरगा तोंडाला गमछा बांधून ग्राइंडर चालवतो, आणि गमछ्याने ही धूळ अडत नाही. म्हणून ठेकेदाराशी भाव ठरवतानाच ओली कटाई आणि चांगला मास्क लिहून घ्या, दर थोडा वाढला तर वाढू द्या. सिंकचं भोक शक्यतो कारखान्यातच पाडून आणायला सांगा. जे घरी कापायचं ते अंगणात कापू द्या, आणि पाण्याचा पाइप आदल्या दिवशीच तिथवर ओढून ठेवा.